मोटारीच्या इंजिनास पाणी कशासाठीं?

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेच्या दहावीच्या वर्गाची सहल महाबळेश्वरास गेली होती. वाई सोडून आमची भाड्याची बस पसरणीचा घाट चढूं लागली, आणि अर्धी चढण संपते न संपते तोंच तिच्या पुढील भागांतून वाफेचे लोट बाहेर पडूं लागले. चालकानें गाडी कडेस उभी केली. त्याच्या हाताखालीं काम करणारा एक तरुण मुलगा उतावळेपणानें पुढें झाला, आणि कोणी "थांब" म्हणण्यापूर्वींच त्यानें हातास फडकें गुंडाळून रेडिएटरचें झांकण फिरविलें. पुढच्याच क्षणीं उकळतें पाणी कारंज्यासारखें उसळलें व त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आम्हीं जवळच्या सर्व बाटल्यांतील पाणी त्याच्या हातावर ओतलें आणि खालीं उतरणाऱ्या एका मोटारींतून त्यास वाईच्या दवाखान्यांत पाठविलें. ईश्वरकृपेनें त्याचा हात वांचला.

इंजिन निवेपर्यंत आम्ही सर्व घाटाच्या कठड्यावर बसून राहिलों. तेव्हां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, तेल जाळून उष्णता उत्पन्न करावयाची आणि तीच उष्णता पाण्याकडून काढून घ्यावयाची, हा उफराटा व्यवहार नव्हे काय? पाणी नसतें तर ही सारी उष्णता गाडी ओढण्यास उपयोगीं पडली नसती काय? आणि तो मुलगाहि भाजला नसता." आम्हीं त्यास त्या वेळीं थोडक्यांत उत्तर दिलें, परंतु प्रश्न मार्मिक असल्यामुळें त्याचें सविस्तर उत्तर देण्याचें अभिवचन आम्हीं दिलें होतें. तें या लेखांत पुरें करीत आहों.

प्रथम हें इंजिन म्हणजे काय तें पाहूं. वाफेच्या इंजिनांत अग्नि भट्टींत असतो आणि दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दुसरीकडे सिलिंडरांत हालतो. त्या इंजिनाचा सुधारक जेम्स वॅट यानें १७६९ सालीं पेटंट घेतलें, तेव्हां त्याचा मुख्य सिद्धांतच असा होता कीं, सिलिंडर आंत येणाऱ्या वाफेइतका ऊन राहिला पाहिजे. अंतर्ज्वलन इंजिनाची गोष्ट अगदीं निराळी आहे. येथें इंधन खुद्द सिलिंडरच्या पोटांतच जळतें. ज्या क्षणीं तें पेटतें त्या क्षणीं आंतील वायूचें उष्णतामान २००० अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातें. ओतीव लोखंड तर सुमारें १२०० अंशांसच वितळूं लागतें! ही ज्वाला क्षणभरच टिकते आणि तिच्यामागून थंड हवा आंत येते, म्हणून सिलिंडर तत्काळ वितळत नाहीं. पण मिनिटास शेंकडों वेळां असे भडके होऊं लागले कीं त्याच्या भिंती तापत जातात.

भिंती बेसुमार तापल्या म्हणजे तीन अनर्थ होतात. दट्ट्या आणि सिलिंडर यांमधील वंगणाचा पातळ थर जळून जातो, व धातूवर धातु घांसूं लागते. तापलेला दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरांत घट्ट रुतून बसतो. तिसरा अनर्थ सूक्ष्म आहे. आंत येणारी ताजी हवा ऊन भिंतींचा स्पर्श होतांच प्रसरण पावते, त्यामुळें तेवढ्याच जागेंत ती वजनानें कमी मावते. आणि पेट्रोलच्या इंजिनांत तर हवा व इंधन यांचें मिश्रण ठिणगीची वाट न पाहतां वेळेपूर्वींच पेट घेऊं शकतें. म्हणजे थंड केलें नाहीं तर शक्ति वाढण्याऐवजीं घटते, आणि अखेर इंजिनच बंद पडतें.

हें संकट पहिल्यापासूनच शोधकांच्या पुढें होतें. बेल्जममध्यें जन्मलेल्या एत्येन लन्वार यानें १८६० सालीं पॅरिस येथें कोळशाच्या वायूवर चालणारें इंजिन तयार केलें. त्याच्या सिलिंडरभोवतीं दुसरें कवच घालून मधल्या पोकळींत पाणी खेळविलें होतें. या पोकळीस पुढें "जॅकेट", म्हणजे पाण्याचा अंगरखा, असें नांव पडलें. निकोलाउस ओट्टो या जर्मन शोधकानें १८७६ सालीं चार फेऱ्यांचें प्रसिद्ध इंजिन बनविलें. आजचीं बहुतेक पेट्रोल इंजिनें त्याच्याच वंशांतील होत. त्यासहि हा अंगरखा होताच. त्या काळच्या इंजिनांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडला तर असें आढळतें कीं, इंधनाच्या एकंदर उष्णतेपैकीं पंचमांशाहूनहि कमी भाग कामास लागे आणि निम्म्याच्या आसपास उष्णता पाणीच घेऊन जाई. आमच्या विद्यार्थ्याची तक्रार जुन्या इंजिनियरांनाहि सुचली असेल यांत नवल नाहीं.

येथें कोणी विचारील, या कामास पाणीच कां? वारा कां नको? लहान इंजिनास वारा पुरतो. मोटारसायकलच्या सिलिंडरवर धातूच्या पातळ पट्ट्या दिसतात, त्या वाऱ्यास अधिक पृष्ठभाग मिळावा म्हणूनच असतात. पण सिलिंडरचीं सर्व मापें दुप्पट केलीं कीं त्याचें घनफळ आठपट होतें, पृष्ठफळ मात्र चौपटच वाढतें. उष्णता उत्पन्न होते ती आंतील वायूच्या प्रमाणांत, आणि बाहेर जाते ती पृष्ठभागांतून. म्हणून इंजिन जसजसें मोठें होत जातें, तसतसें त्यास नुसत्या वाऱ्याच्या भरंवशावर ठेवणें कठीण होतें. उलट पाण्याच्या अंगीं उष्णता सांठविण्याची विलक्षण शक्ति आहे. एक किलोग्रॅम पाणी एका अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते तेवढ्यांत सुमारें नऊ किलोग्रॅम लोखंड एका अंशानें तापतें. तें पातळ असल्यामुळें सिलिंडरच्या प्रत्येक कानाकोपऱ्यांत शिरतें, आणि तें बहुतेक ठिकाणीं फुकट मिळतें.

कारखान्यांतील इंजिनें एका जागीं पक्कीं बसविलेलीं असत. त्यांच्याजवळ एक मोठी टांकी ठेवून ती दोन नळ्यांनीं अंगरख्याशीं जोडली कीं काम भागे. परंतु इंजिन चाकांवर चढलें आणि खरी अडचण उभी राहिली. मोठी टांकी गाडीवर वाहून कशी न्यावयाची?

कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट २९ जानेवारी १८८६ या दिवशीं मागितलें. तिचें इंजिन पाऊण अश्वशक्तीचें होतें. त्यानें पाणी थंड करण्याच्या भरीस न पडतां तें सरळ उकळूं दिलें! ही युक्ति दिसते तितकी भोळी नव्हे. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता लागते. पण त्याच शंभर अंशांच्या पाण्याची वाफ होण्यास आणखी सुमारें ५४० कॅलरी लागतात. म्हणजे उकळून जाणारें पाणी स्वतः अधिक न तापतां आपल्याबरोबर पुष्कळ उष्णता घेऊन जातें. आपल्या घरांतील माठ याच न्यायानें पाणी गार करतो, आणि परमेश्वरानें आपल्या देहास घामाची योजना करून दिली आहे तीहि याच तत्त्वावर. मात्र घाम गेला कीं तहान लागते, तशी बेंझच्या गाडीसहि सारखी तहान लागे.

या तहानेची हकीकत मनोरंजक आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बेंझची पत्नी बर्टा ही पतीस न सांगतां आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्टसहाइम येथें आपल्या माहेरीं हीच मोटार घेऊन निघाली. अंतर सुमारें १०० किलोमीटर. वाटेंत वीसलोख या गांवीं तिनें औषधाच्या दुकानांतून इंधन विकत घेतलें. नळी तुंबली तेव्हां टोपीच्या पिनेनें ती मोकळी केली. पण सर्वांत वारंवार लागलें तें पाणीच. खानावळ, झरा, ओढा, जेथें मिळेल तेथें थांबून त्या मायलेकरांना टांकी भरावी लागे. इतक्या लांबवर मोटारीनें जातां येतें हें त्या प्रवासानें जगास दाखविलें. आणि दर थोड्या अंतरावर पाणी मागणारी गाडी फार दूर जाऊं शकणार नाहीं, हेंहि दाखविलें.

मग उपाय कोणता? अधिक पाणी नेणें हा नव्हे, तर तेंच थोडें पाणी पुन्हां पुन्हां वापरणें हा. गॉटलीब डाइमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनीं १८८९ सालीं जी पोलादी चाकांची हलकी गाडी केली, तिच्या सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच त्यांनीं इंजिनाचें पाणी फिरविलें. नळ्यांना वारा लागे, पाणी निवे आणि परत इंजिनाकडे येई. आपल्याकडे "आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं" असें म्हणून आपण चुकीच्या जागीं केलेल्या उपायाची थट्टा करतों. पण येथें हीच खुबी ठरली. आग सिलिंडरांत, आणि ती निवविण्याची जागा दूर, जेथें वारा मोकळा लागेल तेथें. पाण्यानें फक्त मधल्या हमालाचें काम करावयाचें.

या हमालास हालविण्यास प्रारंभीं कित्येक गाड्यांत पंपहि लागत नसे. ऊन पाणी हलकें होऊन वर चढतें आणि थंड पाणी जड होऊन खालीं उतरतें, हा नियम तुम्हीं प्रयोगशाळेंत पाहिला आहे. ९५ अंशांच्या एक लिटर पाण्याचें वजन सुमारें ९६२ ग्रॅम भरतें, आणि ६० अंशांच्या पाण्याचें सुमारें ९८३ ग्रॅम. हा एकवीस ग्रॅमांचा फरक इंजिनांतील पाणी वरच्या नळींतून रेडिएटरांत ढकलण्यास आणि तेथें निवलेलें पाणी खालच्या नळींतून परत आणण्यास पुरतो. या व्यवस्थेस थर्मोसायफन म्हणतात. फोर्ड कंपनीची "मॉडेल टी" मोटार १९०८ सालीं निघाली, तेव्हां तिच्या आरंभींच्या सुमारें अडीच हजार गाड्यांत पंप होता. पुढें तो काढून टाकण्यांत आला, आणि १९२७ सालीं तिचें उत्पादन थांबेपर्यंत तिचें पाणी थर्मोसायफननेंच फिरत राहिलें. यांत मोडण्यासारखें कांहींच नाहीं, हा या पद्धतीचा मोठा गुण. दोष एवढाच कीं, पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखालीं गेली कीं अभिसरण बंद पडतें, आणि मग भांड्यांत पाणी असूनहि इंजिन होरपळतें.

आतां या कथेचा मुख्य प्रसंग सांगतों. १९०० सालीं नीस येथील धनिक व्यापारी एमिल येलिनेक यानें डाइमलर कंपनीकडे एका नव्या बळकट व वेगवान मोटारीची मागणी केली. मायबाखनें तिच्यासाठीं ३५ अश्वशक्तीचें इंजिन केलें, आणि येलिनेकच्या मुलीच्या नांवावरून गाडीस "मर्सिडीज" हें नांव मिळालें. एवढ्या इंजिनास थंड ठेवण्याकरितां मायबाखनें मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यांत सहा मिलिमीटर रुंद व तितक्याच उंच अशा ८०७० लहान चौकोनी नळ्या एकमेकींस लागून बसविल्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे, आणि त्यांमधल्या बारीक फटींतून पाणी उतरे. मागें एक पंखा होता, तो गाडी सावकाश चालली असतांहि वारा ओढून घेई. त्याच्या आधींच्या नळीदार रेडिएटराच्या गाडीस १८ लिटर पाणी लागे. हिला ९ लिटर पुरलें. शक्ति वाढली आणि पाणी निम्म्यावर आलें! १९०१ च्या मार्च महिन्यांत नीस येथील शर्यतींत या मोटारीनें इतरांस मागें टाकलें, आणि मोटारीच्या तोंडाशीं उभा जाळीदार रेडिएटर ही जगभर मोटारीची खूणच होऊन बसली.

हें कसें साधलें तें गणितानें पाहूं. ८०७० नळ्यांच्या तोंडांचें एकत्र क्षेत्रफळ सुमारें ०.२९ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान खिडकीएवढें भरतें. आतां प्रत्येक नळी केवळ १० सेंटिमीटर लांब होती असें धरा. तिच्या चार भिंतींचें क्षेत्रफळ २४ चौरस सेंटिमीटर. सर्व नळ्यांचें मिळून १९ चौरस मीटरांहून अधिक. म्हणजे एका खिडकीएवढ्या जागेंत एका खोलीच्या जमिनीहूनहि मोठा पृष्ठभाग घडी करून ठेवला गेला. दुसरा हिशेब असा. इंजिन जेवढें काम करतें तेवढीच उष्णता पाण्यास देतें असें मानलें, तर ३५ अश्वशक्तीचें इंजिन दर सेकंदास सुमारें ६२०० कॅलरी पाण्यांत ओततें. या वेगानें ९ लिटर पाणी २० अंशांपासून उकळण्यास दोन मिनिटेंहि लागणार नाहींत. ज्या पाण्याची दोन मिनिटांची शाश्वति नाहीं, तें दिवसभर पुरतें, याचें कारण तें कोठें सांठून राहत नाहीं; घेतलेली उष्णता तत्काळ वाऱ्याच्या हवालीं करून रिकाम्या हातीं परत येतें.

पुढील सुधारणा थोडक्यांत सांगतां येतील. इंजिनें अधिक बलवान झालीं तसा पंप सर्वत्र रूढ झाला. थंड देशांत गोठणारें पाणी सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगून लोखंडी अंगरखा फोडीत असे, म्हणून त्यांत प्रथम मद्यार्क किंवा ग्लिसरीन, आणि नंतर ग्लायकॉल नांवाचें द्रव्य मिसळूं लागले. इंजिन फार थंड राहणेंहि वाईट असतें, कारण थंड भिंतींवर इंधन नीट वाफाळत नाहीं आणि उष्णता अधिकच वायां जाते. म्हणून थर्मोस्टॅट नांवाची आपोआप उघडणारी झडप आली. पाणी सुमारें ८० ते ९० अंशांपर्यंत तापेतों ती त्यास रेडिएटराकडे जाऊंच देत नाहीं. यावरून एक गोष्ट ध्यानीं येईल. इंजिनाचें पाणी त्यास गार करण्यास नसून योग्य तेवढें ऊन ठेवण्यास असतें.

शेवटची सुधारणा दाबाच्या झांकणाची, आणि आमच्या घाटांतील अपघाताचें मूळ तिच्यांतच आहे. समुद्रसपाटीपासून उंच गेलें कीं पाणी लवकर उकळतें. महाबळेश्वरीं, सुमारें १३७० मीटर उंचीवर, तें ९५ अंशांच्या आसपासच उकळतें. त्यांत चढणीवर इंजिनास श्रम अधिक, आणि गाडीचा वेग कमी म्हणून वारा थोडा. जुन्या उघड्या रेडिएटरच्या मोटारी घाटांत धापा टाकीत याचें कारण हेंच. यावर उपाय म्हणून रेडिएटर घट्ट बंद करून आंत सुमारें एका वातावरणाइतका अधिक दाब ठेवूं लागले; म्हणजे पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. परंतु अशा १२० अंशांच्या पाण्याचें झांकण एकाएकीं उघडलें कीं दाब नाहींसा होतो, आणि पाण्याचा सुमारें २७ वा भाग तत्क्षणीं वाफ होतो. दहा लिटर पाण्यांतून अशी सहाशें लिटरांहून अधिक वाफ निघते, आणि ती उरलेलें उकळतें पाणी वर उडविते. त्या मुलाच्या हातावर आलें तें हेंच.

महाराष्ट्रांतील खेड्यांना या विद्येची ओळख मोटारीपेक्षां विहिरीच्या काठीं अधिक झाली. पुणें येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि विजेचे पंप येण्यापूर्वीं डिझेल इंजिनाचा ठोका अनेक मळ्यांत ऐकूं येई. तेथें रेडिएटरची गरज नसे. उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनाच्या अंगरख्यांतून जाई आणि ऊन होऊन पाटास मिळे. जें इंजिन पिकास पाणी पाजी, त्यास तेंच पाणी जीवन देई. एक शत्रु मात्र तेथेंहि होता. क्षारयुक्त पाणी तापलें कीं त्यांतील चुना अंगरख्याच्या आंतून थर धरतो, आणि तो थर उष्णतेस अडवितो. चहाच्या भांड्याच्या तळाशीं बसलेली पांढरी पुटें पाहिलीं आहेत ना? तींच तीं.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर. पाणी काढून घेतें ती उष्णता वांचविली तर शक्ति वाढेल कीं नाहीं? हा प्रयोगहि होऊन गेला आहे. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेचें लष्कर आणि कमिन्स कंपनी यांनीं अतिशय उष्णता सोसणाऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थांचा उपयोग करून पाण्यावांचून चालणारें डिझेल इंजिन एका ट्रकमध्यें चालवून दाखविलें. परंतु भिंतीकडे जाण्याची बंद केलेली उष्णता दट्ट्यास ढकलूं लागली नाहीं. तिचा बराच भाग धुराबरोबर बाहेर निघून गेला. आंत येणारी हवा अधिक तापूं लागली आणि वंगणाचा प्रश्न बिकट झाला, तो निराळाच. म्हणून आजहि रस्त्यावरील मोटारींच्या तोंडाशीं रेडिएटर आहेच. पाणी हें चोर नव्हे, पहारेकरी आहे. त्याचें वेतन भारी आहे खरें, पण त्यास निरोप दिला तर घरच राहत नाहीं.

शेवटीं दोन सूचना. गाडी उकळली तर इंजिन बंद करून तें निवेपर्यंत थांबावें. झांकणास हात लावूं नये, मग हातास कितीहि जाड फडकें असो. आणि तापलेल्या इंजिनांत एकाएकीं थंड पाणी ओतूं नये, कारण ओतीव लोखंड आकुंचन पावून तडकतें.

तो मुलगा आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांहून दोनतीन वर्षांनींच मोठा असेल. उष्णता, दाब आणि वाफ यांचे नियम तुम्हीं परीक्षेसाठीं पाठ केले. त्यास ते रोजच्या भाकरीसाठीं अवश्य होते, आणि ते त्यास कोणींच सांगितले नव्हते. महाबळेश्वराहून परततांना आम्ही वाईस थांबून त्यास भेटलों. ज्या विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला होता, त्यानेंच त्याच्या खाटेजवळ बसून दाबाच्या झांकणाची गोष्ट त्यास समजावून सांगितली. आमच्या मतें त्या सहलींतील सर्वांत चांगला धडा तोच होय.